संपर्क तुटलेले रुग्ण

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, मोबाईलवरचे निरोप वाचून सोडून देतेस, म्हणून कागद घेऊन बसले. पाकिटावरचा पत्ता आईला घालायला लावणार आहे. माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच कुठेतरी सारून ठेवशील. आईने विचारलं, "आत काय लिहिणार आहेस?" म्हटलं, "खुशाली." तर म्हणाली, "खुशाली लिहायला एवढं तोंड पाडून बसत नाहीत."

तर आधी खुशाली. आई आता काठीच्या आधाराने स्वयंपाकघरापर्यंत जाते. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलंय, त्यावर बसून भाजी निवडते आणि माझ्या हातून काही धड होत नाही हे मला सांगते. व्यायाम करून घेणारी बाई आली की दुखत नसल्याचं सोंग आणते, ती जिना उतरली की विव्हळते. भूक चांगली आहे. तुझ्या लेकीला भाषणात बक्षीस मिळालं हे तिच्याकडूनच कळलं. माझ्याकडून शाबासकी दे. किंवा नको देऊस, तुमच्या घरात चालेल तसं कर.

बुधवारी तू येऊन गेलीस हेही कळलं. मी कामावर असतानाची वेळ गाठलीस. जाताना आईला म्हणालीस म्हणे, "धाकटीने माझ्या संसारावर दगड घातला, आणि कशासाठी, तर पेपरावर नाव पहिलं नाही म्हणून."

ताई, माझं नाव दुसरं होतं आणि मला ते पुरेसं होतं. आमच्या विभागात आता सगळे हेच बोलतात, चहाच्या टेबलापाशी मी गेले की गप्प होतात. त्यांचं मला काही नाही. पण तू बोललीस ते लागलं. म्हणून एकदाच सगळं सांगते, मग तू काय समजायचं ते समज.

भावोजींच्या त्या गोळीचं काम तुला माहीत आहे. साखरेच्या रुग्णांच्या पायांची आग होते, त्यावरची गोळी. अर्ध्या लोकांना खरी गोळी द्यायची, अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कोणती हे काम संपेपर्यंत भावोजींनाही कळत नाही. रुग्ण बघायचे त्यांनी, आकडे लावायचे आणि पेपर, म्हणजे त्या कामाचा शोधनिबंध, लिहायचा मी. मला माणसांची नावं दिसत नसत, नुसते क्रमांक. घरात भावोजी आणि विभागात सर, असं मी इतकी वर्षं निभावलं, आणि कधी एकाचं दुसऱ्यात मिसळू दिलं नाही.

पेपर चांगला झाला होता. मी मन लावून लिहिला होता. तो आम्ही एका नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलला पाठवला. तिथे पेपर आला की ते दोन-तीन जाणकारांना वाचायला देतात, आणि ते कोण हे आपल्याला कधी सांगत नाहीत. तू भावोजींच्या तोंडून या परीक्षकांना दिलेल्या शिव्याच ऐकल्या असशील. त्यांतल्या एकाने सगळा पेपर वाखाणला आणि शेवटी एकच विचारलं: खरी गोळी घेणारे इतके लोक मध्येच गळाले, पिठाची घेणारे मात्र टिकले, हे का?

प्रश्न साधा होता आणि तो मला आधी पडायला हवा होता. मी तो घेऊन सरांच्या खोलीत गेले.

"लिही, संपर्क तुटला," ते म्हणाले.

"सगळ्यांचाच?"

"लोक घरं बदलतात, नंबर बदलतात, कंटाळतात. तू कधी रुग्ण बघितलायस का? तुझे आकडे कंटाळत नाहीत."

ते हसले, मीही हसले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, मी रुग्ण बघत नाही. म्हणून ठरवलं, निदान फोन करून विचारू. मग उत्तर लिहिताना मनात किंतु राहायला नको. आमच्या परिचारिकेला बरोबर घेतलं. ती नंबर सांगायची, मी लावायची.

काही नंबर खरंच बंद होते. एक गृहस्थ मात्र फोनवरच तडकले. "संपर्क कसला तुटतोय? मीच सांगितलं होतं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणाले, मग थांबवा. परत कोणी बोलावलंच नाही." एक बाई जिन्यावरून गडगडली होती, मनगट मोडलेलं. एकजण नुसताच म्हणाला, "नको बाबा तुमच्या गोळ्या," आणि फोन ठेवला.

पुढचा नंबर परिचारिका सांगू लागली आणि मी बटणं दाबता दाबता थांबले. ती म्हणाली, "बाई, पुढचे आकडे घ्या ना." मला घ्यायची गरज नव्हती. तो आपल्या घरचा नंबर होता.

आई भावोजींनी दिलेल्या गोळ्या घेत होती हे मला माहीत होतं. ती घेते तशा इतर चार गोळ्यांसारख्याच या असतील असं मी समजत होते. घरी येऊन विचारलं, तर ती निवांतपणे म्हणाली, "त्यांना माणसं कमी पडत होती गं. म्हणाले, इथे सही करा. केली. म्हणाले, धाकटीला सांगू नका, घरचं माणूस घेतलं की तिच्या कामात अडचण येते. मी कशाला सांगू?"

"आणि चक्कर?"

"यायची की. पडायच्या आधी बरेच दिवस येत होती. जावईबापूंना सांगितलं, तर म्हणाले, सवय होईल."

मी तिला सांगितलं की पेपरात तिचा संपर्क तुटल्याची नोंद आहे. तिने भाजीतून मान वर केली. "माझा? मी कुठे गेले होते? इथेच तर पडले होते."

ताई, दवाखान्याच्या त्या बाकापाशी तू सगळ्यांसमोर मला काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बाथरूमची फरशी ओली ठेवलीस. म्हातारं माणूस घरात आहे एवढंही भान नाही." आत आईचा खुबा जोडत होते. मलाही वाटलं, असेल ओली. तेव्हापासून मी ती फरशी रोज कोरड्या फडक्याने पुसते, पाहुण्यासारखी पाय उचलून बाहेर येते. आई त्या दिवशी आंघोळीला गेलीच नव्हती. ती पलंगावरून उठून दात घासायला निघाली होती आणि दारातच कोसळली. हे तिला कोणी विचारलंच नाही, कारण पडण्याचं कारण आपल्याला आधीच सापडलं होतं.

आणि तू बोलत होतीस तेव्हा भावोजी तिथेच उभे होते. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे, आता तिला दोष देऊन काय उपयोग?" मला तेव्हा त्यांचा मोठेपणा वाटला होता. मनात मी त्यांचे आभार मानले होते.

आईने हे सगळं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटले. तेव्हा भावोजी म्हणायचं की सर, ते मला सुचेना.

"या वयात माणसं पडतात," ते म्हणाले. "एका पडण्यावरून औषध टाकून द्यायचं?"

"नका टाकू. आई पडली एवढंच लिहा. बाकीचेही लिहा."

"लिहिलं की पेपर मेला. आणि पेपर मेला की विभागाचं काय होतं हे तुला आकड्यांत मांडून दाखवू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे तुझ्या ताईचं घर आहे, विसरू नकोस."

विसरले नाही. म्हणूनच मी गप्प राहून नुसती सही नाकारली. सुधारलेला पेपर पाठवताना प्रत्येक लेखकाला सही करून मान्य करावं लागतं की यातलं सगळं मी पाहिलंय. मी म्हटलं, मी पाहिलंय, म्हणूनच करत नाही. मला वाटलं होतं तेवढ्याने ते विचार करतील. त्यांनी जर्नलला कळवलं की माझी तब्येत बरी नाही, माझ्या वतीने तेच सही करतात. मग मात्र मी संपादकांना लिहिलं. त्यांनी पेपर परत केला. तुझ्या संसारावर पडला तो दगड एवढाच.

पण तू उगाच घाबरलीस, ताई. भावोजींचं काही बिघडलं नाही. त्यांनी तोच पेपर दुसऱ्या जर्नलला दिला, तिथे कोणी काही विचारलं नाही, आणि तो छापून आला. माझं नाव लेखकांत नाही. शेवटी आभारात आहे, "भाषेसाठी मदत केल्याबद्दल". मी त्या संपादकांनाही लिहिलं. उत्तर आलं, आपण या पेपराच्या लेखक नसल्याने आपल्याशी याबाबत पत्रव्यवहार करता येत नाही. आमच्या संस्थेने चौकशी समिती नेमली आहे, तिचे अध्यक्ष भावोजींचे गुरू आहेत. माझं टेबल जुन्या सामानाच्या खोलीत हलवलंय. खिडकी आहे, तक्रार नाही.

आई मला म्हणाली होती, "लिहू नकोस कोणाला. माझा खुबा जुळला, थोरलीचं घर मोडायला नको." तिचं ऐकलं असतं तर तू आज मी घरी असतानाही दारातून आत आली असतीस. हे रोज मनात येतं, लपवत नाही.

इतके दिवस मी भावोजींना लबाड समजत होते. त्यात एक बरं होतं, राग धरायला सोपं जायचं. पण बुधवारी तू गेल्यावर आई काय म्हणाली ते ऐक. ती म्हणाली, "थोरली जेवण झाल्यावर गोळी घेत होती. पिवळी, चपटी, माझी होती तीच. आणि उठताना खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली, डोळे मिटून. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, दमले."

तुलाही साखर आहे. तुझ्याही पायांची आग होते. ते तुला ती गोळी देतात.

म्हणजे ते जाणूनबुजून खोटं बोलत नाहीत. आपण लिहिलं तेच खरं, असं त्यांना वाटतं. लबाड माणसाला निदान कुठे थांबायचं ते कळतं, आपल्या बायकोपाशी तरी. ताई, मी रात्रंदिवस त्यांच्यावर चिडून होते, आता मला त्यांची भीती वाटते.

माझं ऐकू नकोस. मी नावासाठी भांडणारी आहे, तसंच समज. पण त्यांना न विचारता दुसऱ्या एखाद्या डॉक्टरकडे जा. गोळीचा डबा बरोबर ने, उठताना काय होतं ते सांग, आईचं काय झालं तेही सांग, आणि तो म्हणेल तसं कर. तोवर जिन्यावरून एकटी उतरू नकोस. लेकीला उचलून घेऊ नकोस, ती आता मोठी झाली आहे.

दवाखान्यातलं तुझं बोलणं मी विसरणार नाही, आणि तू माझं हे पत्र विसरू नकोस, आपली फिटंफाट होईल. मला उत्तर नको. डॉक्टरला दाखवलंस की आईला फोन कर. मी विचारल्याशिवाय ती सांगणार नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून मला कळेल.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि तुझीच,
धाकटी