डावीकडची विंग

३ फेब्रुवारी
सातातलं सहावं चित्र छापून झालं. राणी विषाचा पेला उचलते. उरलं मरण.

आईने राणी होऊन या नाटकाचे तीनशेवर प्रयोग केले. प्रत्येक वेळी मेली. मला एकही आठवत नाही. तीन वर्षांची होते तेव्हा मला गगनबावड्याला आक्कामावशीकडे ठेवून ती दौऱ्यावर गेली. का, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आता बावन्न वर्षांची आहे — आणि विचारायचं सोडून तिला छापायच्या मऊ लिनोच्या पाटीवर कोरते आहे!

६ फेब्रुवारी
मरणाच्या प्रवेशाचा एकच फोटो सापडला. आई आडवी, मान डावीकडे, डोळे उघडे. विष प्यायलेली राणी अशी टक्क बघेल? अभिनय कच्चा वाटतो.
तसंच कोरलं.

११ फेब्रुवारी
दिलदारभाईंच्या छापखान्यात सातव्या चित्राची पहिली प्रत काढली. पूर्वी त्या हातयंत्रावर लग्नपत्रिका निघायच्या. आता फक्त माझी चित्रं. त्यांनी कागद उजेडात धरला. "क्रांतीताई, ही मेल्यागत दिसत न्हाय. कुणाकडं तरी बघतीया."

१२ फेब्रुवारी
आईला दाखवलं. चष्मा लावून बघितलं.
"उलटं झालंय की गं! मी ह्या अंगाला कधी पडलोच न्हाय."
खरंच! फोटोत होतं तसंच कोरलं. छापल्यावर डावं उजवीकडे जातं. वीस वर्षं हेच शिकवते — आणि विसरले.
"काय फरक पडतो?" जरा तुटकच बोलले.
"पडतो की! डावीकडं विंगेत तू असायचीस, पेटाऱ्यावर बसवलेली. मी पडलो की डोळं उघडं ठिवून तुझ्याकडं बघायचो. आई हाय, म्हणून. मॅनेजर वराडायचा — बाई, मढ्यानं डोळं मिटावं!"
हसली. मग हसायची थांबली.
"तीन वर्साची झालीस अन् तुला कळाय लागलं. मी मेलो की भोकाड! पडदा पडला तरी गप हुईनास. रोज रोज कसं मरायचं तुझ्यासमोर? मग धाडली आक्काकडं."
चष्मा काढला. "च्या टाक."
टाकला. दोनदा उतू गेला.

१३ फेब्रुवारी
चित्रांचं प्रदर्शन अठराला. नवा लिनो आणला.

१७ फेब्रुवारी
छापल्यावर मान डावीकडे आली. त्या कडेच्या सगळ्या काळ्यात एवढीशी जागा कोरली — टोपडं घातलेलं डोकं.
आईने त्यावर बोट ठेवलं.
"पिवळं हुतं."