पिकअप महादेवीची, आणि बैठक रविवारी

मी, रुद्रेश चनबसप्पा माळगे, वय सव्वीस, धंदा गाडी चालवणे, शिक्षण सातवीपर्यंत, कायमचा राहणार सावळगेवाडी, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव, सध्या मुक्काम हिमाचलात बोगद्याच्या छावणीवर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहितो आहे. मी शुद्धीवर आहे. अंगात ताप नाही, पोटात दारू नाही, मानेवर कुणाचा हात नाही. अक्षर वाकडं आहे ते मांडीवर वही धरून लिहितो म्हणून, आणि मुळात वाकडंच आहे म्हणून.

लिहायचं कारण असं. मी इथं डंपर चालवतो. बोगद्यात सुरुंग उडाला की फुटलेला दगड भरून बाहेर आणायचा आणि दरीकडेला ओतायचा, हे काम. परवा आत छताचा तुकडा सुटून माझ्या पुढच्या डंपरच्या केबिनवर बसला. ड्रायव्हर वाचला, पाय गेला. डोंगर भिजलाय, अजून पडणार असं सगळेच म्हणतात, आणि पाळी लागली की सगळेच आत जातात. काल ठेकेदाराच्या माणसानं एक फॉर्म भरून घेतला. बरंवाईट झालं तर पैसे कुणाला, एक ओळ. मी आईचं नाव लिहिलं. पण माझं एका ओळीत भागत नाही. माझी एक गाडी आहे, आणि येत्या रविवारी ती दुसऱ्याला द्यायचं गावाकडं ठरायलंय.

कलम एक. सावळगेवाडीतल्या पत्र्याच्या दोन खोल्या, रानातला माझ्या वाट्याचा तुकडा आणि बँकेत जे असेल ते, सगळं माझी आई श्रीदेवी हिला. आम्ही तिला अव्वा म्हणतो. तिनं त्यातून पहिलं काम गुडघ्याचं करावं. उमरग्याच्या दवाखान्यात दाखवावं, गल्लीतल्या बाईच्या तेलावर भरवसा ठेवू नये. ते तेल मी पण लावून बघितलंय, नुसता वास येतो.

कलम दोन. माझ्या नावावरची पांढरी पिकअप, हप्ते फिटलेली, डाव्या फाळक्याला पोचा असलेली, माझी धाकटी बहीण महादेवी हिला. एकटीला. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही, आणि आमचे थोरले चुलते गुरुसिद्धप्पा, ज्यांना आम्ही दोडप्पा म्हणतो, त्यांनाही नाही.

याचं कारण लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी म्हणू नये की पोराला डोंगरातलं वारं लागलं.

गाडी मी माझ्यासाठी घेतली होती. वाटलं, आता गावात टिकू. नाही टिकलो. सकाळी उमरगा, दुपारी मुरूम, दिवस मावळता परत वाडी. तेच वळण, तोच खड्डा, त्या खड्ड्यात तीच म्हैस. हायवेवर हैदराबादकडं जाणारे ट्रक दिसले की माझा पाय थाऱ्यावर राहायचा नाही. एक दिवस त्यातल्याच एकात चढलो. मागं पिकअप चिंचेखाली उभी राहिली, बॅटरी उतरली, हौद्यात कोंबडी अंडी घालायला लागली.

महादेवीनं कोंबडी हाकलली. शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू केली, पडीक रानात शिकली, रीतसर लायसन काढलं. आता पहाटे दुधाचे कॅन नेते, येताना दुकानदारांचा माल आणते. उन्हाळ्यात हौद्यात पाण्याची टाकी ठेवून वस्तीला पाणी घालते. सुगीत सोयाबीनची पोती, लग्नसराईत मंडपाचे बांबू. अव्वाला दवाखान्यात नेते, गल्लीतल्या पोरींना परीक्षेला केबिनमध्ये दाटीवाटीनं बसवून नेते. हौद्यात माणूस मात्र घेत नाही. खुरपायला जाणाऱ्या बायांनी "लई शाणी झालीस गं, तुझ्या बापाचा रस्ता हाय का?" म्हणून तोंडसुख घेतलं, तरी घेत नाही. भरलेली गाडी चढाला लागायच्या आधीच ती गिअर खाली आणते. मी चढावर रडवायचो गाडीला. गाडी तिच्या हाताची झालीय, हे मान्य करायला मला जड गेलं, पण झालीय.

मागच्या आठवड्यात मुरूमकडचे पाहुणे तिला बघायला आले. मी इथं होतो. महादेवीनं सगळं फोनवर सांगितलं, आणि अव्वानं मागून दुरुस्त्या केल्या. पोहे झाले. मुलीला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, कन्नड येतं का विचारलं. मग सगळे उठून अंगणात गेले आणि गाडीचं बोनेट उघडलं.

"अण्णा, मला नुसतं नाव-गाव. गाडीची मात्र पार परीक्षा घेतली," ती म्हणाली. "टायर कवा बदलले, ॲव्हरेज काय, स्प्रिंगचे पाटे वाढिवलेत का. एकजण तर बैलाचे दात बघावं तसा खाली वाकून बघत होता."

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "चालिवतंय कोण?" दोडप्पा म्हणाले, "ड्रायव्हर ठेवलाय."

मुलगा गौरीशंकर, खताच्या दुकानात बसतो. तो केबिनमध्ये चढला, गाडी चालू केली. पुढं भिंत, मागं गोठा. रिव्हर्स पडेना. आमच्या गाडीचा रिव्हर्स हट्टी आहे, दांडी आधी दुसऱ्यात नेऊन मग ओढावी लागते. तो नुसता ओढत बसला, गिअर करकरायला लागला. महादेवी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला ऐकवेना. ट्रे अव्वाच्या हातात दिला आणि खिडकीपाशी गेली.

"उतरा जरा. दात मोडतील गिअरचे."

तो उतरला. ही काठाची साडी आवरून चढली, एका दमात गाडी मागं घेतली, गोठ्याच्या खांबाला न लागता उभी केली, आणि आत येऊन चहा दिला. मग मुलाच्या वडिलांनी दोडप्पांना विचारलं, "ह्योच का तुमचा ड्रायव्हर?"

अव्वा हसली, असं महादेवी म्हणते. अव्वा म्हणते ठसका लागला.

मला वाटलं मोडलं. नाही मोडलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: मुलगी पसंत, गाडी पण पसंत. लग्नात गाडी मुलाच्या नावानं द्यावी, आणि लग्नानंतर मुलीनं स्टिअरिंगला हात लावू नये, दुकानदाराच्या घरात ते शोभत नाही. दोडप्पांनी हो म्हटलं. रविवारी बैठक आहे. देण्याघेण्याचं चारचौघांत बोललं जाईल आणि सुपारी फुटेल. एकदा बैठकीत बोललं की आमच्याकडं ते सहीपेक्षा पक्कं. मागं घेतलं तर देणाऱ्याचं काही जात नाही, पोरीचं नाव खराब होतं.

"लग्नाला माझं न्हाय न्हाय, अण्णा," महादेवी म्हणाली. "पोरगं बरं हाय. उतरा म्हटल्यावर उतरलं तरी. पण माझी गाडी त्यो दुसऱ्याकडनं चालिवणार, आन् म्या घरात बसून हॉर्न कुणाचा वाजला ते ऐकायचं व्हय?"

"दोडप्पांना सांग की मग."

"सांगून झालं. म्हणले, गाडी तुझ्या नावावर न्हाय, तू मधी बोलू नको. ज्याची हाय त्यो गप हाय."

ज्याची आहे तो मी.

कलम तीन. माझ्या पान्यांची पेटी, जॅक आणि हवा बघायचं मीटर हेही महादेवीलाच. नायलॉनचा मोठा दोर आणि ताडपत्री शेजारच्या सिद्धलिंगानं मंडपासाठी नेली ती परत दिलेली नाही. तो म्हणतो दिली. दिलेली नाही. गेल्या पावसात ती त्याच्या कडब्यावर होती. माझ्या तिसऱ्याच्या दिवशी तो सांत्वनाला येईल, तेव्हा मागून घ्यावी, त्या दिवशी नाही म्हणता येणार नाही.

कलम चार. दोडप्पांना माझं इथलं जाड जाकीट. उमरग्यात त्याचा उपयोग नाही, तरी द्यावं. वडील गेल्यावर आम्हाला त्यांनी जेवू घातलं. शाळा सोडली तेव्हा मला पट्ट्यानं मारलं आणि नंतर स्वतःच हळद लावली. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नाही. बोलायची वेळ आली की मी लांबचं काम बघितलं. पुणे, मग सुरत, मग इथं. इथून पुढं नुसता बर्फ आहे. चहाच्या टपरीवर ते मला बिनब्रेकाची गाडी म्हणतात, ते माझ्या कानावर आलंय. त्याचा राग मी बरोबर घेऊन जात नाही. गाडी मात्र देत नाही.

कलम पाच. माझं शरीर. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. इथून मी आलो तर खोक्यात आडवा येणार आणि ताठ झालेला असणार. मला बसवण्यासाठी ओढाताण करू नये. स्वामींना आधीच सांगून ठेवावं, आडवंच ठेवून डाव्या हातात इष्टलिंग द्यावं, शिव ओळखून घेईल. खोकं रेल्वेनं सोलापूरला येईल, तिथून आणायला पिकअप न्यावी, आणि ती महादेवीनं चालवावी. दुसरा कुणी चालवणार असेल तर मला तिथंच ठेवावं.

इथवर लिहून सहीसाठी मी इंद्रजितला बोलावलं. इंद्रजित तामलवाडीचा, माझ्या पाळीतला, लोडर चालवतो. त्याला सगळं वाचून दाखवलं. त्यानं बिडी विझवली.

"झ्याक लिवलंयस. पण हे लागू कवा व्हणार?"

"कवा म्हंजे?"

"तू मेल्यावर. मृत्युपत्र हाय न्हवं हे? बैठक रविवारी हाय. तर शनिवारपातूर मरायचं बघ, न्हायतर ह्याचा काय उपयोग न्हाय."

मी हसलो. मग हसू थांबलं. एवढी पानं मी लिहिली, आणि रविवारी मी जिवंत असलो तर एकही ओळ कामाची नाही.

पुढचा मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर घडला म्हणून यातच लिहितो. छावणीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीमागं येते. तिथं जाऊन मी दोडप्पांना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. इंद्रजित होता, आणि झारखंडचा बुधराम बादल्या घेऊन उभा होता, त्यालाही थांबवलं.

"दोडप्पा, गाडी लग्नात बोलायची न्हाय."

"कुठली गाडी?"

"पिकअप. ती महादेवीची."

"कोण हाय रे तिथं तुझ्याजवळ? कुणी शिकिवलं?"

"कुणी न्हाय. मीच बोलतोय."

"तू बोलतोस व्हय! सणाला येतोस, तेबी चप्पल न काढता बसतोस आन् निघतोस. पाव्हण्यांना शब्द म्या दिलाय. आता त्यांच्यापुढं माझी मान कापतोस का?"

"शब्द तुमचा हाय. गाडी माझी हाय."

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. मग दोडप्पा हळू बोलले. ते ओरडतात तेव्हा भीती वाटत नाही, हळू बोलतात तेव्हा वाटते.

"बरं. मग रविवारी म्या बैठकीला न्हाय. पोरीचा बाप म्हणून पुढं कोण व्हणार? तुझी अव्वा?"

"मी व्हईन."

"तू?"

"येतो मी."

"तू येत न्हायस, रुद्र्या. तू जातोस." आणि फोन ठेवला.

बुधरामला मराठी कळत नाही. तो एवढंच म्हणाला, "चाचा थे?"

मुकादमाला रजा मागितली. तो म्हणाला, जायचं तर जा, परत येऊ नको. बरं म्हटलं. खाली जाणारा रस्ता दरडीनं अर्धा खचलाय. उद्या सकाळी पाय गेलेल्या ड्रायव्हरला घेऊन एक गाडी उतरणार आहे, तिला चालवायला माणूस मिळेना. मी नेतो म्हणून सांगितलं. दरीकडं बघायचं नाही, आतल्या अंगानं, पहिल्या गिअरमध्ये.

कलम सहा, शेवटचं. पोचलो, तर बैठकीत वडिलांच्या जागी मी बसेन आणि तोंडानं सांगेन की गाडी महादेवीची आहे. त्यानंतर धाराशिवच्या आरटीओत जाऊन तिच्या नावावर करून देईन. मग कलम दोन रद्द समजावं, कारण गाडी माझी राहणार नाही. न पोचलो, तर कलम दोन जसंच्या तसं. या सगळ्या पानांचे फोटो इंद्रजित महादेवीला पाठवणार आहे. रविवारी मी दारात दिसलो नाही, तर बैठक भरल्यावर तिनं उभं राहून हे मोठ्यानं वाचावं. मी जिवंत असून नुसता उशीर झाला असेल तरी वाचावं. ते कायद्यात बसतं का, इंद्रजितलाही माहीत नाही. पण बैठकीत बोललेलं मागं घेता येत नाही, हे पाहुण्यांना माहीत आहे.

वाचून झाल्यावर जे उठून जातील त्यांना अडवू नये. गौरीशंकर बसून राहिला, तर अव्वानं त्याला एवढंच विचारावं, की नुसती मुलगी पसंत आहे का. उत्तर त्याच्या वडिलांनी देऊ नये.

वरील सगळं मी लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि कबूल आहे.

ठिकाण: बोगद्याची छावणी, हिमाचल प्रदेश
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५, मंगळवार

सही: रुद्रेश चनबसप्पा माळगे

साक्षीदार:
१. इंद्रजित, राहणार तामलवाडी, तालुका तुळजापूर. माझ्यासमोर लिहिलं, माझ्यासमोर सही केली. फोटो पाठवले.
२. बुधराम, राहणार झारखंड. मजकूर हिंदीत समजावून सांगितला. डाव्या अंगठ्याचा ठसा.