नागिणीचं माप

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. माझं म्हणशील तर मी झकास आहे, फक्त तीन आठवडे अंगात शर्ट घालता आलेला नाही. शिंप्यानं उघड्या अंगानं गिऱ्हाइकांची मापं घेणं बरं दिसत नाही, पण कमरेला डाव्या बाजूनं नागीण उठल्यावर मलमलसुद्धा विस्तवासारखी लागते. (आधी वाटलं नवा पट्टा काचतोय. चार दिवस उगाच पट्ट्याला शिव्या घातल्या.)

त्यात शेजारच्या घड्याळवाल्यानं सांगितलं, नागिणीची दोन्ही टोकं जुळली की माणूस आटोपतो. मग काय विचारतेस! रोज सकाळी टेप घेऊन मी आरशासमोर. टोकांना खडूच्या खुणा करायच्या आणि पोटावरून राहिलेलं अंतर भिंतीवर लिहायचं. सोमवारी एकवीस इंच, मंगळवारी वीस, बुधवारी साडेअठरा. माझ्या मागं कात्र्या कुणाला द्यायच्या ते मी हिला रडत सांगूनही टाकलं. हिनं निवांत बघून घेतलं आणि म्हणाली, "अहो, पोट आत ओढून काय मापं घेताय?" (यासाठी मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर रागावत आलो.) डॉक्टरीणबाई तर हसल्याच. एका बाजूच्या नसेवरून जाते ती, टोकं कसली जुळतात, म्हणाल्या.

त्यांनीच सांगितलं की लहानपणच्या कांजिण्यांचे विषाणू नसांत दडून बसतात आणि उतारवयात डोकं वर काढतात. म्हणजे एका पांघरुणात झोपून मला कांजिण्या देणारी तू, तेव्हा ही नागीण मूळची तुझीच! पण गंमत सोड. ती तुझ्याही अंगात बसलेली आहे, आणि तू नागिणीची लस घ्यायचं रद्द केलंस असं कळलं. "धाकट्यानं घेतली तरी झालीच ना," असं म्हणालीस म्हणे. अगं, शंभर टक्के कुठलीच लस नसते. न घेतलेल्या दहाजणांना होते तिथं घेतलेल्यांत जेमतेम एकाला होते, तो एक मी. तुझं वय अडुसष्ट, त्यात साखर. काहींची आग फोड सुकल्यावरही महिनोन्महिने जात नाही. तू असं तळमळलेलं मला बघवणार नाही, ताई.

तुझा,
धाकटा

ता. क. तो एक मी नाही. गेल्या वर्षी ही मला दवाखान्यात बसवून भाजीला गेली. मी सुई पाहिली आणि मागच्या दारानं सटकलो. दंडाला कापूस चिकटवून घरी आलो आणि दोन दिवस कण्हलो. (दुसऱ्या डोसालाही तेच.) लस बिचारी निर्दोष आहे, तू घे. मी बरा झालो की मीही घेईन, पण हात धरायला तू ये. हिला मात्र यातलं अक्षर कळता कामा नये.

आणखी ता. क. ताई, पाकीट यांनी चिकटवायला माझ्याकडेच दिलं होतं. लशीसाठी तुमची आणि माझी वेळ शनिवारी दहाची घेतली आहे. यांची डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा. हात तुम्ही धरा, मागच्या दाराशी मी उभी राहते.