आईचं पुस्तक

२ जुलै १९५३, सांडोर
नाही, वही, तूच सांग! पाच महिन्यांच्या पोरीला पुस्तक दाखवलं की तिचे डोळे जातात? सासूबाई म्हणतात जातात. मी बी.ए. झालेली, मी म्हणते उघडतात. भांडण चालू असताना बेबी पुस्तकाचा कोपरा चोखत होती. मीच शिवलेलं पुस्तक. पुठ्ठा, चित्रं, माझी गाणी.

२० सप्टें.
नवं गाणं. अर्थ नाही, मुद्दामच नाही.
गुबू गुबू गाभा,
केळीत कोण उभा?
‘उभा’ला खदखदून हसते. मासिकवाल्यांनी कविता परत पाठवल्या, ‘कळल्या नाहीत’. इथे वाचक मिळाला. दात दोन.

१४ डिसें.
पुस्तक दिसलं की रांगत येऊन झडपच. सा.बा. हातातून सोडवतात, “ठेव गो, आईचं हाय ते! आईचं!” दिवसभर हेच.

३ एप्रिल १९५४
बोलली. “आई!”
तांदूळ निवडत होते, सूप टाकून धावले. बेबी माझ्याकडे बघतच नव्हती. बोट फळीवरच्या पुस्तकाकडे. “आई. आई.”
समोर बसले. म्हटलं, मी कोण?
गोड हसली. “वैनी.”
दीर, नणंद, केळीच्या वाडीतले गडी, सगळे मला वहिनीच म्हणतात. ती दुसरं काय म्हणणार. तरीपण…

४ एप्रिल
घरभर हसू. धाकटे दीर पुस्तक घेऊन आले, “वहिनी, आईचं पान फाटलं हो, खळ लावा!” मीही हसले. मग मोरीत जाऊन उभी राहिले. रडू येईना.

७ एप्रिल
सा.बा. आज चेष्टेत नव्हत्या.
“माळ्यावर टाक ते. विसरेल. मग तुलाच आई म्हनेल. आनि तुझं लिहिनंपन ठेव बंद, कागद दिसला की पोर तिकडंच धावते.”
हे उठून वाडीत गेले.
धक्का बेबीच्या शब्दाचा नाही आता. मी लगेच ‘हो’ म्हटलं नाही, त्याचा. कुठली आई विचार करत बसते?

११ एप्रिल
दुपारची जेवणं झाली. ह्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय गं, ठरलं का? पुस्तक माळ्यावर ना?”
सगळे माझ्याकडे. मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच, “मलाच टाका माळ्यावर. पुस्तक राहू दे खाली.”
सा.बां.चा हात गालावर गेला. दीर हसायला लागले, मधेच थांबले. कुणी काही बोलायच्या आत बेबीला उचललं, पुस्तक तिच्या मुठीतच, आणि मागच्या दाराने वाडीत उतरले.