रेणूचे उपास

मंगळवार, दिवेलागण, आष्टी

अपघातापासून मला खाटेवरून उठता येत न्हाई, म्हणून रेणूला तिची आईच जालन्याला घेऊन गेल्ती. आत्ताच आल्या दोघी. डॉक्टर म्हणाले, पोटाला आतून सूज आहे. जंतू असतील, दुसरं काही असेल, तपासणीत कळेल. पण पोरगी एवढी उपाशी का राहती?

एवढी? आम्हाला तर सोमवारच माहीत. नऊ वर्षांची पोर आजीसोबत उपास धरती, याचं केवढं कौतुक केलं आम्ही! गुरुवार, शनिवारही ती नुसत्या चहावर काढायची, शाळेचा डबा मैत्रिणीला देऊन टाकायची, हे आज कळलं. पोटावर मूठ दाबून बसायची, तेव्हा मला वाटायचं, शाळा बुडवायचं निमित्त.

आज दाराशी बसली, तशीच मूठ दाबून. मी म्हटलं, "बेटा, आता उपास बंद. बिलकुल न्हाई करायचा."

रडायलाच लागली.

"मंग पप्पा, तुम्ही चालायला कसे लागणार?"

तिची ती मूठ सोडवायला हात लांब केला. खाटेवरून पोचला न्हाई.