तारा सैल करून पाठवते आहे

प्रिय ठकू,

या पत्रासोबत आलेलं खोकं लगेच उघडू नकोस. एक दिवस तुझ्या खोलीतल्या हवेत तसंच आडवं राहू दे. लाकडाला एकदम हवा बदललेली सोसत नाही. आत तुझी गिटार आहे. हो, तीच. बाबांनी ती विकली म्हणून तू तीन वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि ते गेले तेव्हाही आली नाहीस.

तारा मी सैल करून पाठवते आहे. चढवताना थोड्या थोड्या चढव. एकदम ताणल्यास तर तारा जिथे अडकवतात ती खालची घोडी उचकटेल. हे सगळं मला कुठून कळलं म्हणशील. वाजवून पोट भरतं का, असं बाबा म्हणाले आणि तू गिटार इथेच टाकून तरातरा निघून गेलीस. त्याच आठवड्यात ते हातातलं शिवणकाम सोडून वाद्यांच्या दुकानात गेले आणि निगा कशी राखावी याची एक पुस्तिका घेऊन आले. अक्षर बारीक, त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे. मी चौथी शिकलेली, बाकीचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालेलं. मी एक वाक्य लावायची आणि ते तेवढंच काम करायचे.

मग दर रविवारी तेच. कोटाच्या अस्तराचं मऊ फडकं घेऊन एकेक तार वरून, खालून पुसायची. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात पिळलेला स्पंज ठेवायचा आणि डबी गिटारच्या पेटीत सरकवायची, म्हणजे लाकूड तडकत नाही. इस्त्रीची वाफ लागते म्हणून पेटी आमच्या पलंगाखाली आली. खुंट्या फिरवण्याला ते कान पिळणं म्हणत. मी एकदा चिडून म्हटलं, माझी एवढी उठबस केली असतीत तर मी अजून विशीतली दिसले असते. तर म्हणतात कसे, तुझ्या तारा कायम ताणलेल्या, त्या सैल करायची कोणाची छाती आहे!

एकदा मी हौसेने कपाटाचं पॉलिश तिच्यावर चोळलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तारांखालच्या काळ्या पट्टीवर तुझ्या बोटांनी झिजून खळगे पडले आहेत. मला वाटलं मळ आहे, म्हणून मी घासायला गेले, तर त्यांनी माझा हातच धरला. म्हणाले, राहू दे, ते तिचं आहे. त्यांना सुरातलं काही कळत नव्हतं. पुसून झालं की एक तार छेडायचे, कान लावून ऐकायचे आणि पेटी बंद करायचे. शेवटी छातीत दम उरला नव्हता, तेव्हा मी पेटी पलंगावर ठेवायची आणि ते पडल्या पडल्या फडकं फिरवायचे. दर वेळी विचारायचे, ठकूचा फोन आला होता का? मी म्हणायची, कामात असेल.

आता जे लिहायचं ते लिहिते. तू गेल्यावर सहा महिन्यांनी तुझा फोन आला होता, तो मी उचलला. मी यायची नाही, गिटार पार्सलने पाठवून दे, असं तू म्हणालीस. मला वाटलं, ही वस्तूही गेली तर या घरात तुझं यायचं कारणच संपलं. गोंधळून तोंडातून निघून गेलं, बाबांनी विकली. वाटलं, तू तणतणत भांडायला तरी येशील. तू फोन ठेवलास, तो कायमचाच. त्यांना मी हे कधीच सांगितलं नाही. बोलायला कितीतरी रविवार होते, ठकू, आणि मी समोर बसून पुस्तिका वाचत राहिले. त्यांनी काही विकलं नाही. तू का बोलत नाहीस, हे कळल्याशिवाय ते गेले. मला माफ करू नकोस. फक्त त्यांच्यावरचा राग काढून घे आणि सगळा माझ्यावर धर.

रागावलीस तरी तुझीच,
आई