मंगळवारचा बाजार

प्रिय वीरू,

हे पत्र तुझ्या हाती यायच्या आधी तुरुंगातले साहेब उघडून वाचतील, हे मला ठाऊक आहे. वाचू देत. लपवावं असं आपल्या घरात आता काही उरलेलं नाही. पोलिसांनी कडब्याची गंजी उसकटली, पप्पांची ट्रंकसुद्धा उलथी केली. ते गेल्यावर वर्दीची घडी पुन्हा घालता घालता मी तशीच जमिनीवर बसून राहिले. हल्ली एकदा बसलं की उठवत नाही.

म्हैस व्याली, रेडी झाली. अंगणवाडीत मी रोज जाते. काही आयांनी पोरं पाठवायची बंद केली, काही मुद्दाम पाठवतात. कवठे महांकाळच्या एस.टी.त बाया माझ्या शेजारची जागा सोडून उभ्या राहतात. पाटणहून तुझ्या मामाचा रोज फोन येतो, म्हैस विकून इकडे निघून ये म्हणतो. इतक्यात कुठली जाते? मध्ये सांगलीहून एक टोळकं गाडी करून आलं. 'वाघाची आई' म्हणत माझ्या गळ्यात हार घातला, फोटो काढले. ते गेल्यावर हार म्हशीपुढे टाकला. त्यांच्यातला एकजणही तुझ्या वकिलाकडे फिरकलेला नाही.

तू कधी बदललास, ते मी फार शोधते. लष्करभरतीच्या मेडिकलमध्ये गुडघ्यांवरून तुला बाद केलं, तेव्हा जेवायलाही उठला नव्हतास. मग सांगलीच्या मोबाईल दुकानात लागलास आणि तिथं तो जयराज भेटला. त्याच्या संघटनेच्या सभेत त्यानं तुला स्टेजवर बसवलं, 'शहिदाचा मुलगा' म्हणून टाळ्या मिळवून दिल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढं पुढं तू जेवतानाही फोन खाली ठेवेनास. 'ते' आणि 'आपण' याशिवाय तुझ्या तोंडात दुसरं काही उरेना. आतारभाभी बांगड्या घेऊन दारात आल्या, तर तू आतूनच ओरडलास, "हितं नगं, फुडं जा." त्या टोपली उचलून पुढच्या दारी गेल्या. तुला आठवत नसेल, अगदी लहान होतास. पप्पांची पेटी दारात आली आणि बायका माझे हात धरून बांगड्या फोडायला लागल्या, तेव्हा याच भाभी गर्दीतून पुढे आल्या. "म्या भरल्यात, म्याच काढनार," म्हणाल्या, आणि एकेक बांगडी न फोडता हळूहळू उतरवली.

पप्पा कसे गेले, ते तू सभांमध्ये फार जोरात सांगायचास. चकमक, गोळ्या, असलं काही झालं नव्हतं, वीरू. काश्मीरमधल्या एका बाजारात गस्त घालताना भाजीच्या पाट्यांखाली ठेवलेला बॉम्ब फुटला. त्यांच्याबरोबर तिथल्याच दोन भाजीवाल्या बायका गेल्या. त्यांची नावं मला कुणी सांगितली नाहीत. लालासाहेबकाका त्याच तुकडीत होते. तुझ्याबद्दल मी त्यांच्यापाशी रडले, तेव्हा म्हणाले, "वहिनी, बॉम्ब ठेवनारा पोरगा धरल्यावर मी बघितलाय. मिसरूडबी नीट फुटलं न्हवतं. असल्या पोरांच्या पाठीवर आधी कोनतरी हात ठेवतं, तुझ्यावर लय अन्याय झालाय म्हनतं. मग बोट करून दावतं, ह्यांनी केलाय. तितनं फुडं पोरगं आपलं आपनच चालत जातं." मी म्हटलं, माझं पोरगं तसलं नाही.

मग एका सकाळी गाडीला किक मारता मारता तू म्हणालास, "आई, ह्या मंगळवारी बाजारला जाऊ नगंस." मी विचारलं, का रं? तर "सांगितलंय तेवढं ऐक," म्हणून गेलास. दुपारी वैरण काढताना गंजीच्या पोटात पोतं हाताला लागलं. विहिरीच्या सुरुंगाला वापरतात तसल्या जिलेटिनच्या कांड्या, वायरी आणि उघडलेले मोबाईल. आपल्याला काही विहीर खणायची नव्हती. मंगळवारी बाजारात कोण कोण असतं, ते डोळ्यांपुढून जायला लागलं. आतारभाभी, मेथी घेऊन बसलेल्या शालूबाई, आयांचा पदर धरून चाललेली माझ्या अंगणवाडीतली पोरं. त्यांना कुणी सांगणार होतं का, जाऊ नका म्हणून? तू मला वाचवत होतास. तेवढा माझा मुलगा तुझ्यात शिल्लक होता. पण तेवढ्यावर मला घरात गप्प बसवेना.

परवा भेटीला आले तेव्हा जाळीपलीकडून तू एवढंच बोललास, "आदगोंडानं घात केला. बाहेरच्या पोरांना सांगून ठेवलंय, त्याला सोडायचं न्हाई." दुकानात तुझ्या शेजारी बसून मोबाईल दुरुस्त करणारा तो पोरगा. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं रे. तुझ्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून लिहिते आहे. आदगोंडानं नाही, मी सांगितलं. त्याच दुपारी लालासाहेबकाकांना बरोबर घेऊन मी ठाण्यात गेले, आणि तुझं नाव माझ्या तोंडानं घेतलं. कोर्टातही उभी राहून हेच सांगणार आहे. बाहेरच्या पोरांना आजच्या आज निरोप धाड. ज्याला राग काढायचा असेल त्यानं आपल्या घरी यावं, मी कुठं जात नाही. पुढच्या भेटीला येईन. तू समोर आला नाहीस, तरी वेळ संपेपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहीन.

तुझीच,
आई